"माझं कॅरॅक्टर असंच वागेल ना"

परवा डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये आमच्यातल्या चोर खेळणाऱ्याने शरण आलेल्या कैद्याचा गळा कापला आणि पॅलाडिन (धर्मनिष्ठ योद्धा) खेळणाऱ्या मैत्रिणीने फासे खाली ठेवले ते परत उचललेच नाहीत. "माझं कॅरॅक्टर असंच वागेल ना," तो म्हणाला. अरे पण कॅरॅक्टर तूच बनवलंयस, मग कैद्याला सोडायचं कारणही तूच शोधू शकतोस की! या गेममध्ये १९७४ ला तीन अलाइनमेंट (कॅरॅक्टरचा नैतिक कल) होत्या, १९७८ पर्यंत नऊ झाल्या, पण कॅरॅक्टरच्या शीटवर केऑटिक (नियम न मानणारा) लिहिलं म्हणून टेबलवरच्या माणसाला दुखवायची परवानगी मिळत नाही. मी गेम थांबवला, दहा मिनिटं आम्ही कॅरॅक्टर बाजूला ठेवून बोललो आणि तो सीनच मागे घेतला. कैदी जिवंत आहे. आता पुढच्या वेळी सेशन झीरोलाच, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीतच, हे विचारून घेणार.