अकरात नसतो तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डब्यात (तेही माझ्याच किटबॅगवर बसून) लोक हमखास विचारतात, "संघात नाव ऱ्हास, पन खेळताना दिसस नही. मंग तठे जाईसन तू करस काय?"

पाणी नेतो. रणजी क्रिकेटमध्ये दिवसाला ९० षटकं. एका फलंदाजाला सारखे कोरडे ग्लोव्ह्ज लागतात, दुसऱ्याला घामेजलेलेच हवेत, कारण त्यांत चौकार बसलेत. कोणाला इलेक्ट्रॉल, कोणाला केळं. केळं सोलताना प्रत्येक जण माझ्याकडे असं बघतो, जणू रावेरहून घड मीच खांद्यावर आणलाय. सालीवर डाग दिसला की जाबही मलाच.

मग निरोप. कोच सांगतात, "लंचपर्यंत पुलचा फटका मारू नको म्हणावं." मी ग्लोव्ह्जच्या निमित्ताने धावत जातो. फलंदाज मान डोलावतो आणि विचारतो, "जेवायला काय आहे?" पुढच्याच षटकात पुल मारून तो परत येतो. कोच त्याच्याकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात. "सांगितलं होतंस ना?"

कोणाचा स्नायू आखडला की बदली म्हणून मैदानात मी, आणि जागा बहुधा शॉर्ट लेग, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ. नियमाने बदलीला गोलंदाजी करता येत नाही, म्हणजे मला जे येतं तेच बंद. झेल घेतलाच तर तो माझ्या कारकिर्दीच्या आकड्यांत धरत नाहीत. नडगी मात्र माझीच सुजते.

१९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या तेव्हाच्या विक्रमाला ९ धावा कमी असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. हे आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. त्या डावात पाणी कोणी नेलं, विचारा बघू!

पैशांचं विचारायला कोणी लाजत नाही, म्हणून तेही सांगून टाकतो. २०२१-२२ च्या हंगामापासून ठरलेल्या दराने २० पर्यंत सामने झालेल्याला खेळला तर दिवसाला ४०,००० रुपये, राखीव बसला तर निम्मे. हे ऐकून नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या केळीले ठिबक शे, नहीतं पानी भराले तुलेच ठेवतू."

नाना वर्षभराचा गुणाकार करून मोकळे झाले. सामने मोजकेच असतात हे त्यांना कोण सांगणार? आणि ते येतात थंडीत, नेमके भरीत पार्ट्यांच्या दिवसांत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतानाचे फोटो भावंडं ग्रुपवर टाकतात, तेव्हा मी कुठल्यातरी हॉटेलात पनीर चिवडत असतो. तेव्हा पुढच्या वेळी प्रश्नाऐवजी भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या डब्यात भरा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पाठवा. तिथून गहुंज्याच्या स्टेडियममधल्या ड्रेसिंग रूमपर्यंत डबा न्यायचं माझ्यावर सोडा, सवय आहे.