कान तुटलेला कप

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घराच्या मागच्या कट्ट्यावर चिनी मातीचा एक जुना कप असतो. त्याचा कान केव्हाच तुटला आहे, काठाचा टवका उडाला आहे आणि आतल्या पांढऱ्या तळावर एक तपकिरी, किंचित जांभळट डाग असा काही मुरला आहे की राखेने आणि चिंचेने घासूनही तो निघत नाही. हा डाग चहाचा नव्हे, कोरफडीचा आहे. पान कापले की कापलेली बाजू खाली करून ते या कपात उभे करायचे, भिंतीला टेकवायचे आणि चांगली पंधरा-वीस मिनिटे त्याच्याकडे फिरकायचे नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम होता. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तो मला सोवळ्याओवळ्यातलाच एक प्रकार वाटला होता. मी घाई केली की त्या म्हणत, "पिवळं गळूदे की आधी. पांढऱ्याचं मग बघूया."

पान आडवे कापून उजेडात धरले म्हणजे त्या बोलण्याचा अर्थ कळतो. बाहेर जाड हिरवी साल असते. सालीच्या आतल्या अंगाला लागून पानाच्या शिरा जातात आणि त्या शिरांना बिलगलेल्या पेशींमध्ये पिवळा, कडूजहर चीक भरलेला असतो. त्याच्याही आत, मधोमध, काचेसारखा स्वच्छ आणि बुळबुळीत गर असतो. गरात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. उरलेल्या टक्काभरात थोडी खनिजे, थोडी आम्ले आणि ज्यांच्यामुळे त्याला बुळबुळीतपणा येतो त्या मोठ्या रेणूंच्या शर्करा असतात, ज्यांतल्या मुख्य शर्करेला अ‍ॅसिमॅनन म्हणतात. चिकाचा कारभार निराळा आहे. त्यात अ‍ॅलोइन नावाचे द्रव्य असते आणि ते जुलाब घडवते. एकाच पानात दोन वेगवेगळी औषधे आहेत, एक थंड डोक्याचे आणि दुसरे जहाल, आणि त्यांच्यामध्ये अंतर आहे ते नखाच्या जाडीएवढे. कोरफडीविषयी जेवढे म्हणून गैरसमज मी ऐकले आहेत, त्यांतले बहुतेक हे दोन रस एकच समजल्यामुळे झालेले आहेत.

आमच्या गल्लीत या झाडाला दोन नावे आहेत. आम्ही कोरफड म्हणतो आणि समोरच्या कन्नड घरातल्या अक्का लोळेसर म्हणतात. कन्नडमध्ये लोळे म्हणजे बुळबुळीत द्रव, तेव्हा त्यांचे नाव गरावरून पडले आहे हे उघड आहे. संस्कृतात तिला कुमारी म्हटले, घृतकुमारी म्हटले, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने तिच्या गुणांत भेदनी हा शब्द घातला. भेदनी म्हणजे कोठा साफ करणारी, म्हणजे चिकाची दखल ग्रंथकर्त्यालाही घ्यावी लागली होती. एवढी नावे लाभलेली ही बाई मूळची इथली मात्र नव्हे. तिचे माहेर अरबी द्वीपकल्पात आहे. त्या कोरड्या मुलखाची सवय तिच्या अंगात अजून आहे, आणि त्यामुळे बेळगावच्या पावसाळ्यात ती आम्हाला रडकुंडीला आणते. पण ते पुढे.

पिवळे गळू न दिल्यास काय होते, हे मला एकदा अंगानिशी कळले. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाई संकेश्वरला त्यांच्या भावाकडे गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना आणायला जाणार होते. आदल्या रात्री फोनवर एक चित्रफीत पाहिली. तीत एक उत्साही गृहस्थ सांगत होते की कोरफडीची साल टाकू नका, सगळे सत्त्व सालीतच असते. घरात कप नजरेसमोर होता, पण नियम सांगणारे कोणी नव्हते. मी अख्खे पान, सालीसकट, तुकडे करून मिक्सरमधून काढले, लिंबू पिळले, आणि रात्री नऊच्या सुमारास नाक दाबून अर्धा पेला प्याले. रात्र शांत गेली, त्यामुळे सकाळी साडेसहाच्या निपाणी बसमध्ये मी मोठ्या दिमाखात खिडकीची जागा धरली. काकती गेले, तोवर काही नाही. हत्तरगीच्या अलीकडे पोटात अशी काही पिळवटून कळ आली की मी सरळ उठून चालकाच्या मागे जाऊन उभी राहिले. पुढचा तपशील सांगण्यासारखा नाही. दुसऱ्या बसने, घामाघूम होऊन, मी संकेश्वरला पोहोचले तेव्हा सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिले, काय प्यालीस ते विचारले आणि ऐकून घेतल्यावर एवढेच म्हणाल्या, "कप होता की गं तिथंच."

रात्री नऊला घेतलेल्या रसाने सकाळी सातनंतर गाठावे, याचेही गणित आहे, हे मला नंतर वाचताना उमगले. अ‍ॅलोइन जठरात किंवा लहान आतड्यात फारसे काही करीत नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत तसेच जाते, तिथले जिवाणू त्याचे विघटन करतात, आणि त्यातून निघालेले द्रव्य आतड्याला चेतवून आकुंचन वाढवते व पाणी शोषले जाऊ देत नाही. या प्रवासाला आठ ते बारा तास लागतात. बसच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसला, हा माझा नशिबाचा भाग.

एकदा असे झाले तर माणूस हसून विसरतो. रोज असे करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. जुलाबांवाटे पोटॅशियम निघून जाते, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याला ही उणीव जड जाऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कोरफडीचा रस पोटात घेतला तर साखर अपेक्षेपेक्षा खाली उतरण्याची शक्यता असते. बद्धकोष्ठावर वर्षानुवर्षे चिकाची औषधे घेणाऱ्यांच्या आतड्याचे अस्तर काळपट पडते. अमेरिकेत कोरफडीचा चीक असलेली जुलाबाची औषधे चिठ्ठीशिवाय विकायला २००२ सालापासून मनाई झाली, ती त्यांच्या सुरक्षिततेचा पुरावा उत्पादकांनी दिला नाही म्हणून. पुढे तिथल्याच सरकारी प्रयोगांत, चिकासकट अख्ख्या पानाचा अर्क दोन वर्षे पाण्यातून दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी आढळल्या, आणि त्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तशा अर्काला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत, म्हणजे २-ब या गटात, घातले. हे वाचून कोणी कुंडी उचलून उकिरड्यावर फेकू नये. ते प्रयोग उंदरांवरचे होते, आणि चीक काढून स्वच्छ केलेल्या गराविषयी तो निष्कर्ष नाही. मला त्यात एवढेच दिसते की त्या गृहस्थांनी चित्रफितीत जे सत्त्व म्हणून सांगितले होते, तेच नेमके चाळून टाकायचे होते.

वैद्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी चीक फेकला नाही, वेगळा काढून आटवला. तोच काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा काळा बोळ, किंवा कन्यासार. हिराबोळ निराळा, तो एका झाडाचा डिंक असतो. नावातल्या सारखेपणाने पुष्कळ लोक फसतात. मुका मार लागला की आमच्याकडे काळा बोळ आणि आंबेहळद उगाळून गरम लेप घालतात, आणि बाहेरून लावायचा असल्यामुळे त्याला माझी काही हरकत नाही. पाळी यावी म्हणून दिल्या जाणाऱ्या रजःप्रवर्तिनी वटीत हाच कन्यासार असतो, आणि गोळीचे नावच तिचे काम सांगते. त्यामुळे गरोदर बाईने कोरफडीचा रस 'थंड असतो' म्हणून पिणे मला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे. मुलाचे अंगावरचे दूध तोडायच्या वेळी आईने कडू चीक छातीला लावायची रीतही जुन्या घरांत होती. तान्ह्या पोटात तो थोडा जरी गेला तर काय होईल, याचा विचार त्या काळी कोणी केला नसावा. आमच्या गावात, नेहरूनगरात, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे, आणि आम्ही मात्र रात्री नऊ वाजता फोन पाहून औषध ठरवतो.

पोटातून बाहेर येऊन त्वचेवर आले की कोरफड बरीच सरळ वागते. तिच्यावर आधुनिक वैद्यकाची नजर पडली तीही त्वचेमुळेच. १९३५ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी क्ष-किरणांनी भाजलेल्या कातडीवर तिचा उपयोग करून पाहिला आणि तो छापला. तव्याचा चटका बसला, उन्हाने मान तापली, तर गर बरा वाटतो. त्यातले पाणी उडून जाते तेव्हा कातडीची उष्णता घेऊन जाते, आणि मागे उरलेला पातळ पापुद्रा ओलावा धरून ठेवतो. हलक्या भाजण्यावर तो जखम भरायला मदत करतो, याला काही अभ्यासांचा आधारही आहे. चटका बसताच मात्र झाडाकडे धावू नये, नळाकडे धावावे. वीस मिनिटे साधे वाहते पाणी, आणि मग वाटल्यास गर. मोठी, खोल किंवा टाक्यांची जखम असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. १९९१ साली शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचे जेल लावून पाहिले, तेव्हा नेहमीच्या मलमपट्टीने ५३ दिवसांत भरणाऱ्या जखमांना सरासरी ८३ दिवस लागले होते.

दुकानातल्या जेलविषयी माझी एकच कुरकुर आहे, ती त्याच्या हिरव्या रंगाबद्दल. गराला रंग नसतो. हवेत ठेवला तर तो तासा-दोन तासांत गुलाबी, मग तपकिरी होऊ लागतो, हिरवा कधीच होत नाही. बाटलीतला हिरवा रंग ग्राहकाला पानाची आठवण करून देण्यासाठी घातलेला असतो. त्यात टिकाऊपणाची द्रव्ये घालतात म्हणून लोक नाके मुरडतात, त्या द्रव्यांना मात्र मी दोष देत नाही. ती नसती तर एवढ्या पाण्यात आठवडाभरात बुरशीची शेती झाली असती. घरचा गर म्हणूनच मी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही, तोही फ्रीजमध्ये, आणि कुणालाही पहिल्यांदा लावायचा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दिवसभर थांबायला सांगते. खाज सुटते ती बहुधा राहून गेलेल्या चिकाने. पण काहींना गरानेही पुरळ येते, आणि ज्यांना कांदा-लसणाचे वावडे आहे त्यांनी तर जास्त जपावे.

केसांच्या तेलाची आमच्या घरची रीत सासूबाईंनी मला हात धरून शिकवली. चीक गळालेल्या, दोनदा धुतलेल्या गराचे बारीक तुकडे करायचे आणि लोखंडी कढईत खोबरेल तेलात घालून मंद आचेवर ठेवायचे. आधी मोठ्याने तडतड होते, मग ती चुरचुर होते, तुकडे आक्रसून कडेने तांबूस होतात, आणि एका क्षणी कढई गप्प बसते. गप्प बसली म्हणजे गरातले पाणी संपले. त्याआधी उतरवलेले तेल पंधरवड्यात खवट होते. या तेलाने केस वाढतात का, असे मला मुली विचारतात. केस मऊ होतात, कोंड्याची खाज कमी झाल्यासारखी वाटते, त्यापुढचे मी काही सांगत नाही, कारण आवाज ऐकण्यासाठी कढईपाशी बसलेल्या सासूबाईंचेही केस शेवटी विरळच होते.

आता पावसाचे. आमच्याकडे जूनपासून झड लागते, आणि खानापूरच्या बाजूला तर विचारायलाच नको. या झाडाच्या पानांवरची छिद्रे दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात, पाणी जपण्यासाठी. अशा काटकसरी जिवाला आषाढातली कुंडी म्हणजे पुरात बसवल्यासारखे. मुळे कुजतात, बुडखा मऊ पडतो आणि पाने हातात येतात. अथणीकडच्या कोरड्या रानात हीच कोरफड कुणी न विचारता माजते. म्हणून जूनच्या पहिल्या सरीला माझ्या कुंड्या पागोळ्यांखालून आत, जिन्यापाशी येतात. अक्कांच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून उलटे टांगलेले रोप मात्र मातीवाचून, पाण्यावाचून दीड वर्ष जगले आहे, आणि त्याचे शेंडे वळून वरच्या अंगाला गेले आहेत. दृष्टीचे मला माहीत नाही, पण मिटलेल्या छिद्रांवर माझा विश्वास बसला तो त्या रोपामुळे.

बांधावरून पाने तोडून आणणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. घायपात लांबून कोरफडीसारखीच दिसते. तिच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीची आग-आग करतात, आणि पोटात गेले तर तोंड-घसा सुजतो. पान मोडून पाहावे. कोरफड काकडीसारखी कट्‌कन तुटते, घायपातीचे पान मोडले तरी वाखाच्या दोऱ्यांवर लोंबकळत राहते.

काल संध्याकाळी अक्का आल्या. नातीने तवा नीट न धरल्यामुळे तिच्या बोटाला चटका बसला होता. "वैनी, एक लोळेसर द्या की हो." मी विचारले, पाण्याखाली धरले होते का. धरले होते, फोडही आला नव्हता. मी खालचे जुने, जाड पान बुंध्याशी कापले, आणि ते कपात उभे केले. अक्का लगेच हात पुढे करून उभ्या राहिल्या. त्यांना बसायला पाट दिला, चहा टाकला. चहा होईपर्यंत पानाच्या कापलेल्या टोकाशी एक पिवळा थेंब जमला, लांबला, कपात पडला; मग दुसरा. अक्का वाकून पाहत होत्या. "एवढं पिवळं असतंय यात?" त्यांनी विचारले, आणि आपला चहाचा कप त्या कपापासून जरा लांब सरकवून ठेवला.