तुम्ही विचारलंत म्हणून : सिनियर कुणाला करायचं?

विधी महाविद्यालयात बोलायला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. सभागृहात तो कुणी विचारत नाही. सगळे उठले की दाराशी कुणीतरी थांबतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, सिनियर कसा निवडायचा?" सिनियर म्हणजे ज्याच्या हाताखाली नवा वकील काम शिकतो तो अनुभवी वकील.

अलीकडे हा प्रश्न जास्तच यायला लागलाय. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. त्यामुळे पदवी हातात पडताच परीक्षेच्या अभ्यासाला बसणारी मुलंही आता कुणाच्या तरी ऑफिसात येतात. त्यातच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. साताऱ्यासह सहा जिल्ह्यांतल्या मुलांना हायकोर्ट जवळ आलं. म्हणून दाराशी एवढ्या घाईत दिलेलं उत्तर आज सविस्तर देते.

माझी वकिलीची सनद २००१ची. पहिला सिनियर मी नाव बघून निवडला. जिल्ह्यात त्यांचा दबदबा होता, ऑफिसात सकाळपासून पक्षकारांची रांग असायची आणि अशा ठिकाणी जागा मिळाली म्हणून घरी पेढे वाटले होते. तिथे मी अडीच वर्षं तारखा घेतल्या. "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, मॅटर थोडा वेळ पास ओव्हर ठेवावं," हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन याची गणती नाही. जुन्या दाव्यातली नावं, गट नंबर आणि चतुःसीमा बदलून नवा दावा तयार करायला मी तिथे शिकले. सरांनी मला कधी वाईट वागवलं नाही. पण मी लिहिलेल्या कागदावर त्यांनी एकदाही पेन ठेवलं नाही. माझं काय चुकतंय हे मला कळत नव्हतं आणि काय बरोबर येतंय तेही नाही. साक्षीदाराला एक प्रश्नही न विचारता माझी अडीच वर्षं गेली.

दुसऱ्या सिनियर म्हणजे बाई. आम्ही सगळे ज्युनियर त्यांना बाईच म्हणायचो. त्यांचं ऑफिस किराणा दुकानाच्या माडीवर होतं, दोन टेबलं आणि एक कपाट. मी गेले त्याच महिन्यात त्यांनी बांधाच्या वादातला समोरच्या बाजूचा एक साक्षीदार माझ्याकडे दिला. मोजणीच्या दिवशी आपण हजर होतो आणि दोन्ही बाजूंच्या संमतीने हद्दीचे दगड रोवले गेले, असं तो सांगत होता. उलटतपासणीसाठी मी एकतीस प्रश्न लिहून नेले. बाईंनी शेजारी बसवून एकेक वाचला आणि चोवीस खोडले. प्रत्येक वेळी विचारायच्या, "याचं उत्तर 'नाही' आलं तर तू काय करशील?" मला सांगता आलं नाही की रेघ. शेवटी सात उरले. "बाकीचे तुझ्या हौसेचे होते, अशिलाच्या कामाचे नव्हते," एवढंच म्हणाल्या.

सातव्या प्रश्नाला साक्षीदाराने कबूल केलं की त्या आठवड्यात मुलीच्या बाळंतपणासाठी तो पुण्याला होता. तिथे मी बसायला हवं होतं. पण मला राहवलं नाही आणि मी आठवा प्रश्न विचारला, "म्हणजे मोजणीला तुम्ही नव्हताच ना?" तो शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी पहाटेच्या एसटीने आलो, मोजणी झाल्यावर परत गेलो." झालं. ते उत्तरही साक्षीत टाइप झालं.

संध्याकाळी बाईंनी साक्षीचा कागद पुढे ठेवला. सातवा प्रश्न, त्याचं उत्तर, आठवा प्रश्न, त्याचं उत्तर, असं मला मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा. बोलल्या काहीच नाहीत. अशील मात्र दुसऱ्या दिवशी तावातावाने आला, त्याच्या गावचं कुणीतरी कोर्टात बसलेलं होतं. मी समोरच होते. बाई त्याला म्हणाल्या, "तो प्रश्न माझ्या ऑफिसने विचारलाय. काय निस्तरायचं ते मी निस्तरते." मग जमीन मोजणारा भूमी अभिलेखचा भूकरमापक साक्षीला बोलावावा लागला, त्यात सात महिने गेले. पुढचा साक्षीदार बाईंनी पुन्हा माझ्याकडेच दिला.

सिनियर निवडताना काय बघायचं, याचं माझं उत्तर त्या दोन दिवसांत आहे. तुमच्या कामावर पेन ठेवणारा माणूस हवा, आणि तुमची चूक परक्यासमोर आपली म्हणणारा हवा.

कृष्णराव अर्जुन केळुसकर मला म्हणूनच फार मोठे वाटतात. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका शाळकरी मुलाकडे या शिक्षकाचं लक्ष गेलं. १९०७ मध्ये तो मुलगा, म्हणजे भीमराव आंबेडकर, मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी सत्कारात त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. एवढ्यावर थांबले असते तरी आपण त्यांचं नाव घेतलं असतं. पण पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे आपला शब्द खर्च केला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये आंबेडकर बी.ए. झाले. सल्ला द्यायला काही लागत नाही. दुसऱ्यासाठी उभं राहायचं तर आपली पत पणाला लावावी लागते, आणि ती कोण लावतो हे त्याच्याशी बोलून कळत नाही, त्याला काम करताना बघावं लागतं.

आपल्या पेशात ते बघणं सोपं आहे, कारण कोर्ट उघडं असतं. कुणाकडेही अर्ज घेऊन जाण्याआधी पंधरा दिवस मागच्या बाकावर बसा. युक्तिवाद कोण जोरात करतं हे बघू नका. सिनियर उलटतपासणी घेत असताना त्याचा ज्युनियर कुठे आहे, हातात काय आहे, ते बघा. बॅग धरून उभा आहे की कागदावर बोट ठेवून पुढचा दस्त काढून देतोय? न्यायाधीशांनी अवघड काही विचारलं की सिनियर ज्युनियरकडे कसा वळतो? मग बार रूममध्ये त्याच्याकडून बाहेर पडलेल्यांना गाठा. पाच वर्षं झालेला त्याचा एकही ज्युनियर स्वतःच्या वकीलपत्रावर साक्षी घेत नसेल, तर पुढे चौकशी करायची गरज नाही.

मुलींना वेगळं सांगते. ऑफिस घरात आहे का, संध्याकाळी किती वाजता बंद होतं, आधी तिथे असलेल्या मुली का सोडून गेल्या, हे सरळ विचारा. मन कचरलं तर जाऊ नका, आणि त्याचं कारण कुणाला देत बसू नका.

पैशाचंही पहिल्याच दिवशी विचारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. पण "शिकायला मिळतंय ना, मग पैसे कशाला," असं ऐकून गप्प बसू नका. खोलीचं भाडं आणि बसचा पास ज्याला परवडत नाही, असा हुशार मुलगा सहा महिन्यांत हा पेशा सोडतो. असे मी पाहिलेत आणि मला त्याचा राग येतो.

कोल्हापूरला थेट जायचं का? मी म्हणेन, आधी दोन-तीन वर्षं खालच्या कोर्टात काढा. हायकोर्टात बहुतेक काम कागदावर चालतं. साक्षीदाराच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारायची सवय खालच्या कोर्टातच लागते.

आणि एकाच माणसाकडून सगळं मिळावं असं धरून चालू नका. बाईंकडून मी साक्ष शिकले. पण नकलेचा अर्ज कसा भरायचा, कोर्ट फी किती लावायची, बेलिफाला पत्ता कसा समजावून द्यायचा म्हणजे समन्स परत येत नाही, हे सगळं मला त्यांच्या कारकुनाने शिकवलं. हे कारकून काका दहावी नापास होते. मी आजही माझ्या ज्युनियरना पहिला महिना कारकुनासोबतच पाठवते.

निवड झाली की त्यांच्यासमोर जाऊन "मार्गदर्शन करा" म्हणू नका. त्याला कुणी काय उत्तर देणार? ऐकलेल्या एखाद्या साक्षीवर तुम्ही काय विचारलं असतं, ते एका पानावर लिहून न्या. "यातलं काय खोडाल?" एवढं विचारा आणि तो माणूस पेन उचलतो का ते बघा.