नऊ हजारांची गेमिंग खुर्ची आणि पायाखालची फळी

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरी बसून मी उद्यमबागेतील दोन-तीन कारखान्यांसाठी यंत्रभागांची ड्रॉइंग करतो आणि रात्री तासभर गेम खेळतो. म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीतच जातात. प्लास्टिकच्या खुर्चीने कंबर धरली, तेव्हा मे महिन्यात नऊ हजारांच्या आतली एक गेमिंग खुर्ची मी ऑनलाइन मागवली.

तळ, चाके आणि खुर्ची वर-खाली करणारा गॅस सिलिंडर यांना फारसा वेळ लागला नाही. अडचण आली ती पाठ बसवताना. चौकटीला वेल्ड केलेल्या चार नटांपैकी एक किंचित तिरका होता. बोल्ट हाताने दोन आटे गेला आणि अडला. तिथेच थांबायचे सोडून मी ॲलन कीने जोर लावला आणि आटे घालवले. रोज आटे रेखाटणाऱ्या माणसाने असे करावे, याची लाज अजून वाटते. विक्रेत्याने संपूर्ण खुर्ची मूळ खोक्यात घालून परत पाठवण्यास सांगितले, पण खोके तर मी आधीच फाडून टाकले होते. शेवटी ती पाठ स्कूटरवर बांधून ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे नेली. बोटाने चाचपून ते म्हणाले, "आटं गेल्यात की ओ, पर नट दांडगा हाय. टॅप मारून देतो, चा घ्या तवर." टॅप म्हणजे आटे पाडायचे हत्यार. एम-८ चा, म्हणजे आठ मिमी बोल्टाचा, आट्यांत १.२५ मिमी अंतर असलेला टॅप त्यांनी अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवला, तेव्हा काळ्या रंगाचा चुरा आणि धातूच्या बारीक कातरणी तळहातावर पडल्या.

चौकटीबद्दल मात्र तक्रार नाही. वेल्डिंग ओबडधोबड असले तरी नळी जाड आहे. हात टेकण्याचे दांडे डुगडुगतात, ते या किमतीत मी चालवून घेतले.

खरी कसोटी आहे ती बैठकीची. या खुर्चीचा आकार शर्यतीच्या गाडीतल्या सीटवरून घेतलेला आहे, आणि वळणावर शरीर बाजूला फेकले जाऊ नये म्हणून तिथे कडा उंच असतात. माझ्या टेबलापुढे कसले वळण येणार? आम्हा मांडी घालून बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना त्या कडा सतत रुततात. शिवाय माझी उंची ५ फूट ४ इंच असल्यामुळे खुर्ची पार खाली केली तरी टाचा टेकत नव्हत्या, मांडीखाली दाब येई आणि तासाभरात पायांना मुंग्या येत. पायाखाली पाट घेतला, तर आईने तो लगेच काढून नेला. "जेवायच्या पाटावर पाय ठेवतोस?" एवढेच ती म्हणाली. मग सुताराकडून चार इंच उंचीची फळी करून घेतली आणि मुंग्या थांबल्या. कमरेची उशी पट्ट्यासकट वर सरकते. तिला रोज खाली ओढावे लागते.

जुलैत संततधार लागली आणि रेक्झीनवर पांढरट बुरशी दिसली. या रेक्झीनवरचा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा थर दमटपणाने हळूहळू कुजतो आणि त्याचे पापुद्रे निघतात, म्हणून आता रोज कोरड्या फडक्याने पुसून वर जुना सुती पंचा अंथरतो. त्याने घामही कमी येतो.

दर महिन्याला पाठीचे बोल्ट आवळतो. तीन सैल झालेले असतात. मामांनी टॅप मारलेला तेवढा जागचा हललेला नसतो.