केएमसीच्या खुर्च्या

ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षात मी स्टाफ नर्स आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ओव्हर घेतली, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून कक्षाचा ताबा घेतला, तेव्हाच बाळांना ऊब देणारे सगळे वॉर्मर भरलेले होते, एकावर तर दोन बाळं. त्यात भिवंडीहून आणखी एक बाळ आलं. चौदाशे ग्रॅम. श्वास चांगला, शुगर बरी, पण अंग गार, काखेत ३६.१. आईला बाळंतपणात झटके आलेले, ती आयसीयूत. सोबत गोदामात हमाली करणारा बाप आणि आजी.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बापाकडून केएमसी सुरू करा."

केएमसी म्हणजे कांगारू मदर केअर, बाळाला उघड्या छातीशी बांधून ऊब देणं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते १.८ किलोच्या बाळांना, ती स्थिरावायची वाट न बघता, जन्मल्यावर लगेच केएमसी दिली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्श्याने घटले. यासाठी लागतं काय, तर रेलायची खुर्ची, सुती कापड आणि समजावून सांगणारं माणूस.

आमच्याकडे हे सगळं होतं. जुन्या इनचार्ज सिस्टरांनी खुर्च्या मिळवल्या होत्या, पडदा लावला होता, तासांचं रजिस्टर ठेवलं होतं. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या बदल्या झाल्या. केएमसी कुणी बंद केली नाही, ती आपसूक बंद पडली. त्या सकाळी एक खुर्ची ओपीडीत निघाली, दुसरी स्टोअरमध्ये सलाईनच्या खोक्यांखाली. मावशींनी खोकी उतरवून ती पुसून आणली.

आजी अडून बसल्या. "बाप्याचं काय काम त्यात? पोर पडंल."

"आजी, सूनबाई बरी होईस्तोवर ऊब द्यायला बापच आहे."

बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे नि लंगोट. मान एका बाजूला वळवली, श्वास अडू नये म्हणून हनुवटी किंचित वर ठेवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि साडीच्या पट्ट्याने बांधलं. बाप इतका ताठ बसला होता, की श्वास घ्यायलाही घाबरत होता. "दादा, मोकळा श्वास घ्या. त्याला कळू दे कुणीतरी आहे." तासाभराने तापमान ३६.८. आजींनी थर्मामीटर मागून स्वतः पाहिला आणि म्हणाल्या, "तो जेवाया गेला की मला बांधा."

दुपारी ओव्हर देताना नवीन सिस्टरने विचारलं, "हे रजिस्टर कशाचं?" मुलगी हुशार आहे, पण तिला दाखवलंच नव्हतं कुणी. मला फार लागलं ते. मशीन बिघडलं तर कंपनीला फोन तरी जातो. अशी पद्धत थांबली की कुठे तक्रारही होत नाही.

मेट्रनकडे जाऊन बसले. आता प्रत्येक ड्यूटीच्या यादीत केएमसीची सिस्टर नेमलेली असते. खुर्च्या वॉर्डाच्या डेडस्टॉक रजिस्टरवर चढल्या, त्यामुळे सहीशिवाय हलत नाहीत. ओव्हरमध्ये वजन आणि दूध यांच्यासोबत केएमसीचे तासही सांगायचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला आठ ते चोवीस तास सांगते. आम्ही आठाला पोचत नाही, कारण रात्री नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत. ती परवानगी मिळावी म्हणून अर्ज दिलाय आणि दर आठवड्याला विचारायला जाते.