वॉल्टर टलचं नाव

इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्स स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे ‘वॉल्टर टल वे’. लेकाला मॅच दाखवायला वर्षभर त्या रस्त्यानं गाडी नेली आणि हा कुणी जुना नगरसेवक असणार, असं धरून चालले. मग एकदा पार्किंग मिळेना म्हणून लांब गाडी लावून चालत आलो, तेव्हा स्टेडियमजवळचं त्याचं स्मारक दिसलं. फुटबॉलपटू आणि सैनिक. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

जन्म १८८८, फोकस्टोनचा. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटमधली गोरी. सात वर्षांचा असताना आई गेली, त्यानंतर दोन वर्षांनी वडील. सावत्र आईला एवढी पोरं सांभाळणं झेपेना, तेव्हा वॉल्टर आणि थोरला एडवर्ड लंडनला बेथनल ग्रीनच्या अनाथाश्रमात गेले. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं आणि तो दाताचा डॉक्टर झाला. वॉल्टर मागे राहिला, छपाईचं काम शिकला आणि फुटबॉल खेळत राहिला.

खेळायचा मात्र असा, की १९०९ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबनं त्याला घेतलं. त्याच वर्षी ब्रिस्टलला प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून इतक्या घाण शिव्या घातल्या, की वर्तमानपत्राला त्यावर लिहावं लागलं. पुढच्या काळात तो टॉटनहॅमच्या पहिल्या संघात फारसा दिसत नाही. १९११ मध्ये तो आमच्या नॉर्थॅम्प्टनला आला आणि इथे शंभरावर सामने खेळला. (‘आमच्या’ म्हणायला मला इथे राहून सहा वर्षं झालीत, चालतं.)

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१४ च्या डिसेंबरात तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या ‘फुटबॉल बटालियन’मध्ये भरती झाला. ही पलटण खेळाडू आणि त्यांचे चाहते मिळून उभी केलेली. सार्जंट झाला, फ्रान्सला गेला. १९१६ मध्ये तोफांच्या माऱ्यानं मन ढासळलं म्हणून त्याला परत पाठवलं. बरा झाला आणि पुन्हा गेला, थेट फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत. तिथून आजारी पडून आला, तर त्याला स्कॉटलंडला अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला धाडलं.

इथे मी अडखळते. लष्करी कायद्याच्या तेव्हाच्या पुस्तकात चक्क लिहिलेलं होतं, की ‘निग्रो किंवा गोऱ्या नसलेल्या वर्णाच्या माणसा’ला अधिकारी म्हणून प्रत्यक्ष हुकमत गाजवता येणार नाही. तरी मे १९१७ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. नियम कुणी बदलला नव्हता. माणसं मरत होती, अधिकारी कमी पडत होते आणि हा समोर होता. ‘पहिला कृष्णवर्णीय अधिकारी’ असं त्याला सरसकट म्हणतात, पण त्याच्या आधीचेही एकदोघे आता सापडलेत. मला त्या ‘पहिला’चं तसंही काही वाटत नाही. इटलीत, १९१८ च्या जानेवारीत, रात्री पियावे नदीच्या खळाळत्या पाण्यातून तो २६ जणांना पलीकडे शत्रूच्या हद्दीत घेऊन गेला आणि सगळ्यांना धडधाकट परत आणलं, हे मला जास्त मोठं वाटतं.

२१ मार्चला जर्मनांनी फ्रान्समध्ये प्रचंड हल्ला चढवला. त्याची पलटण तोवर तिकडे आलेली होती. २५ मार्चला, फाव्रोय गावाजवळ माघार घेताना त्याला गोळी लागली. तिसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्याच्या हाताखालचा टॉम बिलिंगहॅम, पूर्वी लेस्टरचा गोलकीपर, त्यानं गोळीबारात त्याला ओढत आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. जर्मन अगदी जवळ आले होते, सोडून यावं लागलं. देह पुन्हा सापडलाच नाही.

गेल्या सुट्टीत कॅलेहून खाली जाताना नवऱ्याला म्हटलं, अरासला त्याचं नाव असलेलं युद्धस्मारक आहे, तासभर थांबू. थांबलो. स्मारक वास्तुकार लटयन्सचं, नवी दिल्ली आखणारा तोच. पांढऱ्या दगडाचे उंच खांब आणि आतल्या भिंतींवर, ज्यांची थडगी नाहीत अशा जवळजवळ पस्तीस हजार जणांची नावं. मिडलसेक्सची भिंत सात नंबरच्या भागात आहे. मी खालून शोधायला लागले, प्रायव्हेटांच्या रांगांमधून, टी, टी, टी... टल नाही. दोनदा पाहिलं. लेक कंटाळून पायरीवर बसला.

मग लक्षात आलं, नावं नुसत्या आडनावांवरून लावलेली नाहीत. आधी हुद्दा, मग आडनाव. मान वर केली. सेकंड लेफ्टनंटांच्या रांगेत, बाकीच्या अधिकाऱ्यांच्या मधोमध, त्याच मापाच्या अक्षरांत : टल, डब्ल्यू. डी. जे.