काळी पाचचं कोडं सुटलं: पोलिश तबकड्यांची एप्रिलची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणून ज्या फाईलबद्दल मी भरभरून लिहिलं होतं, ती मैफलीची नाही. ती तबकडीचीच नक्कल आहे, आणि तीही चढ्या वेगाने केलेली. वाईट वाटलंच. पण उलगडा ज्या वाटेने झाला ती वाट तुमच्याही कामाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फाईल संग्राहकांच्या देवाणघेवाणीतून आली होती. वर एवढंच लिहिलेलं: कार्वोविच, व्हायोलिन कंचेर्टो, वान्दा विवकोमिर्स्का, रेडिओवरची मैफल. साल नाही, गाव नाही, वाद्यवृंदाचं नाव नाही. विवकोमिर्स्का या पोलिश व्हायोलिनवादक बाई, आणि कंचेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना. पोलिश संगीतकार मिएचिस्वाफ कार्वोविचने व्हायोलिनसाठी हा एकच कंचेर्टो लिहिला. मार्च १९०३ मध्ये बर्लिनला तो पहिल्यांदा वाजला तेव्हा व्हायोलिनवर स्तानिस्वाफ बार्त्सेविच होता आणि वाद्यवृंदासमोर खुद्द कार्वोविच. पुढे सहाच वर्षांनी, फेब्रुवारी १९०९ मध्ये, तात्रा पर्वतात हिमकडा कोसळला आणि त्याखाली तो गेला. वय बत्तीस. मागे राहिलेलं संगीत मोजकं, त्यामुळे विवकोमिर्स्काने तबकडीवर वाजवलेलं तेच पुन्हा एकदा, लोकांसमोर वाजवलेलं मिळणं म्हणजे मला घबाड वाटलं होतं.

पहिली शंका पेटीने काढली. हा कंचेर्टो ए मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत सा पेटीच्या पांढरी सहा या पट्टीवर. सुरुवातीला हॉर्नची ललकारी, मग व्हायोलिन दोन-तीन तारा एकदम छेडत उतरतं. मी फाईल लावून पेटीवर सा शोधला तर तो मिळाला काळी पाचवर. नेमका अर्धा स्वर चढा. जुन्या टेपचा वेग इकडेतिकडे होतो, हे आपल्याला नवीन नाही. पण मला ते कानानेच सिद्ध करायचं होतं, आणि ते व्हायोलिनच्या तारांनी करून दिलं.

व्हायोलिनच्या मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या तारा चार: जी, डी, ए, ई. ए मेजरमध्ये वाजवताना सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. त्या तारा सारंगीच्या तरफांसारख्या आपोआप गुंजतात आणि आवाजाला एक उजेड येतो. काळी पाचच्या पट्टीत मोकळी तार सा वर नाही आणि प वरही नाही. म्हणजे तिथे सा दबलेला, झाकलेला लागायला हवा. या फाईलमध्ये मात्र काळी पाचचा सा मोकळ्या तारेसारखा लख्ख वाजत होता. असं व्हायोलिन असूच शकत नाही. वेग ५.६ टक्क्यांनी उतरवला आणि सगळं जागच्या जागी बसलं. अर्ध्या तासाच्या रचनेत जवळपास पावणेदोन मिनिटांचा फरक पडला. घाईघाईचा वाटणारा शेवटचा भाग एकदम ऐटीत चालू लागला.

आता दुसरा प्रश्न: मैफल खरी का? शेवटी टाळ्या नव्हत्या, पण त्या कुणी कापल्याही असतील. पडताळायला तबकडीच हवी होती. पोल्स्किए नाग्रान्या या पोलिश तबकडी कंपनीच्या ‘मूझा’ छापाची, विवकोमिर्स्का, वॉर्सा नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि त्याचा संचालक वितोल्द रोवित्स्की. वहिनीचा भाऊ नोकरीनिमित्त व्रोत्स्वाफला असतो. त्याने सुट्टीला येताना ती कपड्यांच्या घड्यांत ठेवून आणली. माझी प्रत मोनो आहे. मूझाच्या जुन्या क्रमांकांत आधी ‘एक्सएल’ असेल तर मोनो, ‘एसएक्सएल’ असेल तर स्टिरिओ.

धुण्याचं नेहमीचंच: डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, रात्रभर उभी वाळवणं. सुई मी २५ मायक्रॉनची लावली. स्टिरिओची साधारण १८ मायक्रॉनची सुई खाचेत खोल उतरते आणि तोच थर बहुतेक वेळा आधीच्या मालकाने झिजवलेला असतो. रुंद सुई थोडी वर, शाबूत भिंतीवर चालते. रेकॉर्ड २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर केलं आणि नंतर डावा-उजवा चॅनल एकत्र केला. मोनो खाचेत संगीत आडव्या हालचालीत असतं. उभी हालचाल म्हणजे निव्वळ खरखर, आणि ती बेरजेत बरीचशी कटते. हे पाऊल कृपया वगळू नका. सॉफ्टवेअरने खरखर ओरबाडून काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कटकट आवाज मी एकेक हाताने काढतो. संपूर्ण बाजूला तीन संध्याकाळी गेल्या.

खरा त्रास झाला तो रोमान्झाला, म्हणजे दुसऱ्या भागाला. लांब धरलेला स्वर किंचित वर जायचा, किंचित खाली यायचा. पहिल्यांदा वाटलं बाईंचं आंदोलन असेल. पण व्हायोलिनवरचा कंप सेकंदाला पाच-सहा वेळा होतो, हा झोका मोजला तर दर १.८ सेकंदांनी एक. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एक फेरी घ्यायला नेमके एवढेच सेकंद लागतात. म्हणजे मधलं भोक केंद्रावर नव्हतं. दिवा बाजूने धरून पाहिलं तर सुईचा दांडा दर फेरीला डावीकडे-उजवीकडे झुलताना स्पष्ट दिसत होता. दोन दिवस जिवावर आलं, शेवटी गोल कानशीने भोक अगदी थोडं मोठं केलं. मग दांडा झुलायचा थांबेपर्यंत तबकडी बोटाने केसभर सरकवत राहिलो. एकवीस प्रयत्न. बाविसाव्यांदा दांडा स्थिर राहिला आणि तो स्वर असा सरळ उभा राहिला की मी मशीन बंद न करता बाजू संपेपर्यंत तसाच बसून ऐकली.

त्यानंतर दोन्ही फाईली एकाखाली एक लावल्या. रोमान्झात एका ठिकाणी, वाद्यवृंद मागे सरतो तिथे, खुर्ची कुरकुरते. दोन्हीकडे, त्याच क्षणी. पुढे एक पान उलटल्याचा आवाज, तोही दोन्हीकडे. प्रश्न मिटला.

ही चुकीची पाटी माझ्याआधी निदान तीन संग्रहांत जाऊन बसली आहे. माझ्या मते आपल्या या छंदात ध्वनी हे निम्मंच काम. कोणी, कुठे, कधी, कोणत्या प्रतीवरून, कोणत्या सुईने, हे लिहिलं नसेल तर आपण वारसा पुढे देत नाही, गोंधळ देतो. साल न कळण्याला तर आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. युरोपात आता प्रकाशनापासून ७०, पण १९६३ च्या आधी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं तिथे मोकळी झाली आहेत. कार्वोविचचं संगीत केव्हाच मोकळं आहे, पण माझ्या तबकडीवर साल छापलेलं नाही. ते पक्कं होईपर्यंत माझी फाईल घरातच राहील. कुणाकडे ही तबकडी असेल आणि कव्हरवर पेनाने ‘अमक्यास भेट’ असं तारखेसकट लिहिलेलं असेल, तर तेवढ्या कोपऱ्याचा फोटो पाठवा. पोल्स्किए नाग्रान्याचा संग्रह २०१५ मध्ये वॉर्नर या संगीत कंपनीने विकत घेतला. तिथून जे नव्याने निघतं ते आपण विकतच घ्यावं, वाटू नये, यावर मी ठाम आहे.

त्याच खेपेला आलेली दुसरी तबकडी पोलिश संगीतकार आणि व्हायोलिनवादक ग्राझिना बात्सेविचची. स्वतःचा चौथा व्हायोलिन सोनाटा, १९४९ सालचा, बाई स्वतः वाजवतात आणि पियानोवर सख्खा भाऊ किएस्तुत. बाई दुसऱ्या महायुद्धाआधी संचालक फितेल्बेर्गच्या रेडिओ वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनवर होत्या, आणि हाताची ती ताकद इथे ऐकू येते. १९५४ च्या मोटार अपघातात त्या गंभीर जखमी झाल्या. त्यांनी स्वतः वाजवलेलं म्हणून हे इतकं मोलाचं. पण बाई १९६९ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क आपल्याकडे २०२९ अखेर आणि युरोपात २०३९ अखेरपर्यंत आहे. त्यामुळे ही फाईल वाटणार नाही. ज्यांना ऐकायची आहे त्यांनी कोल्हापूरला घरी यावं, तबकडीवरूनच ऐकवेन.

नावांबद्दल बरेच जण विचारतात. पोलिशचे दोन च आपल्याला जन्मजात येतात, आणि त्याचा मला फार आनंद आहे. बात्सेविच मी ‘त्स’ने लिहितो, पण तो आपल्या ‘चमचा’तला च. शेवटचा च साधारण ‘चिमणी’तला. आडवी रेघ मारलेला एल म्हणजे ‘व’, म्हणून कार्वोविच. आमचे आजोबा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत भाजी पोचवायचे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. आजोबांनी ती नावं कधी लिहिलेली पाहिली नाहीत, कानानेच शिकली. दोन्ही च ते बिनचूक लावायचे.

पुढच्या महिन्यासाठी शोध: ‘वॉर्सा ऑटम’च्या ध्वनी-बखरी. बाइर्द आणि सेरोत्स्की या संगीतकारांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवातल्या मैफली पोल्स्किए नाग्रान्या तबकड्यांवर काढत असे. सुरुवातीच्या वर्षांतली एखादी कुणाकडे असेल तर मला ती नको, तिच्या कव्हरचे आणि शेवटच्या खाचेपलीकडे कोरलेल्या क्रमांकाचे फोटो पुरेत.

आणि त्या तीन संग्रहांबद्दल. तिघांनाही लिहिलं. एकाने त्याच रात्री पाटी बदलली आणि कळवलं. उरलेल्या दोघांपैकी कुणी हे वाचत असेल तर फाईल अजून पुसू नका. वेग ५.६ टक्के उतरवा आणि सुरुवातीला व्हायोलिन शिरतं तिथे सा ऐका.